घरट्यावरचा डोळा

गेल्या जानेवारीत आमच्या यवतमाळच्या घरी दोन पाहुणे आले आणि चांगले जूनपर्यंत राहिले. त्यांच्यासाठी एक पोळी जास्त लाटावी लागली नाही की अंथरूण घालावे लागले नाही; फक्त रात्री आठला टीव्हीचा ताबा त्यांच्याकडे द्यावा लागला.

पाहुण्यांची नावे जॅकी आणि शॅडो. गरुडाचे जोडपे. मुक्काम कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर सरोवराकाठी, सुमारे 145 फूट उंचीवर, पाइनच्या झाडात. तिथल्या निसर्गप्रेमी मंडळींनी घरट्यावर कॅमेरा बसवला आहे आणि तो रात्रंदिवस चालू असतो. आमची जेवायची वेळ म्हणजे त्यांची पहाट. बारावीच्या अभ्यासातून विरंगुळा म्हणून आमच्या चिरंजीवांनी ही ओळख करून दिली आणि चार दिवसांत विरंगुळा साऱ्या घराचा झाला.

या गरुडाला काही जण मराठीत ‘टकला गरुड’ म्हणतात. मराठीचा मास्तर म्हणून मला ते सोसवेना. त्याच्या डोक्यावर भरगच्च पांढरी पिसे आहेत; इंग्रजीतल्या त्या शब्दाचा जुना अर्थच मुळी ‘पांढरा’ असा होता. मी हे जेवताना समजावून सांगितले. माझ्या डोक्याकडे एकवार पाहून हिने आमटी वाढली.

जॅकीने 22 जानेवारीला पहिले अंडे घातले आणि आठवडाभरात तीन झाली. 2024 सालीही तीनच झाली होती आणि एकातूनही पिलू निघाले नव्हते, हे कळल्यापासून ही हळवी झाली. अंडी उबवायला नरही बसतो. शॅडो आला की जॅकी उठे आणि तो अंडी सारखी करून त्यांवर बसे. “बघा,” ही म्हणे. मी बघत असे. मार्चच्या 3, 4 आणि 8 तारखेला तिन्ही पिले बाहेर आली, तेव्हा हिने देवापुढे साखरेची वाटी ठेवली.

आणि मग 13 मार्चच्या रात्री तिकडे बर्फाचे वादळ झाले. आमच्याकडे ती धुळवड. हातापायांचा रंग पुरता गेला नव्हता, तोच संध्याकाळी टीव्हीसमोर बसलो. पिले दोनच दिसत होती.

“तिसरं आईखाली असेल,” मी म्हणालो.

नव्हते. ही एकदम चिडली. “हजारो माणसं बघताहेत, आणि एकालाही वर चढता आलं नाही?” मी सांगितले, की या पक्ष्याला तिथे 1940 पासून कायद्याचे संरक्षण आहे, घरट्याला हात लावायचा नाही, आणि माणूस जवळ गेला तर भेदरून उरलेल्या दोघांचाही जीव जायचा. “मग कॅमेरा तरी कशाला लावायचा?” तिने विचारले. मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी आठला ती पुन्हा टीव्हीसमोर होती.

उरलेल्या दोघांची नावे तिथल्या शाळकरी मुलांनी ठेवली, सनी आणि गिझ्मो. ती घरट्याच्या कडेला उभी राहून पंख झाडू लागली. मग वरच्या फांदीवर उड्या. नव्वदाव्या दिवशी, 2 जूनला, सनी उडाली. काही दिवसांनी गिझ्मोही गेली. थोडे दिवस दोघी येऊन-जाऊन होत्या. पुढे घरटे रिकामे झाले. कॅमेरा मात्र तसाच चालू. त्याला दिसते ते घरटे; आकाश नव्हे.

ऑगस्टमध्ये आमचे चिरंजीव पुण्याला वसतिगृहात गेले.

त्या रात्रीपासून बरोबर नऊला फोन. नुसता आवाज चालत नसे, चेहरा लागे. “फोन फिरव बरं. खिडकी लागते का? डब्यातली भाजी दाखव.” मी मागून ओरडे, “पंख्याचा आवाज कसला येतोय रे?” सप्टेंबरात एका रात्री त्याने फोन उचलला नाही. आम्ही मिळून चौदा वेळा केला. मग त्याच्या मित्राला, मग वसतिगृहाच्या रखवालदाराला. साडेअकराला तो स्वतः बोलला. “नाटकाच्या तालमीत होतो. सगळे हसले मला. बाबा, मी काय अजून घरट्यात आहे?”

आम्ही दोघेही त्या रात्री झोपलो नाही. सकाळी माझी आई म्हणाली, “तू अमरावतीले शिकाले होता, तवा तुया खोलीले खिडकी होती का नोती, हेई मले ठाव नोतं. कार्ड आलं का जीव भांड्यात पडे.” मला ती कार्डे आठवली. मी महिन्यातून एक टाकीत असे, आणि तेही पैसे संपले की.

आमच्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ 2019 साली घर सोडून निघाला. त्याच्या गळ्यात माग सांगणारा पट्टा होता, म्हणून कळले, की शेते, ओढे, हमरस्ते ओलांडीत सुमारे 3000 किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. 2020 मध्ये तो पट्टाही काढण्यात आला. त्याच्या आईला यातले काहीच कळले नसेल. तिने त्याला वाढवले होते आणि तेवढे पुरेसे होते.

एवढे सगळे मी हिला सांगितले. तिने ऐकून घेतले. आता फोन फक्त रविवारी, आणि तोही त्याने करायचा, असे ठरले. पाळणे सोपे नव्हते. पहिल्या आठवड्यात नऊ वाजले की ही भांडी पुन्हा घासायला घेई, आणि मी तपासलेले पेपर पुन्हा तपासत बसे. रविवारी मात्र तो तासभर बोलला. नाटकात त्याला तीन वाक्ये होती. ती त्याने तीनदा म्हणून दाखवली.

दसऱ्याला तो रात्रीच्या बसने येणार होता. “पोचला की येईल घरी, वाट बघत बसायचं नाही,” असे मीच बजावले होते. पहाटे चारला जाग आली, तर अंधारात हिच्या चेहऱ्यावर फोनचा उजेड. हल्ली बस कुठवर आली ते फोनवर दिसते. नकाशावर एक निळा ठिपका सरकत होता.

मी चांगला रागावणार होतो.

“दारव्हा मागे पडलं,” ती हळूच म्हणाली.

“सरक जरा,” मी म्हणालो. “मला दिसत नाही.”