पहिल्या आठवड्याचा प्रेक्षक

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. नटराजपूजन होईल, नारळ वाढवला जाईल, सत्कार होतील. पण संस्थानिकांचा आश्रय कधीच सरला. आज नाटक आणि सिनेमा जगतो तो तिकीट काढणाऱ्याच्या जिवावर. त्या माणसाला अलीकडे काय मिळाले, हे या दिवशी बोलायला हवे.

आमच्या मते गेल्या दहाएक वर्षांतले सर्वांत मोठे मराठी नाटक म्हणजे प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’. रंगमंचावर दोनच बायका: तुकोबांची आवली आणि तिच्या पायात काटा रुतला म्हणून लखुबाई होऊन घरी राबायला आलेली रखुमाई. एकीचा नवरा विठ्ठलाने नेला, दुसरीचा भक्तांनी. आवली ज्याला शिव्या घालते त्याचीच बायको तिचा पाय शेकते आहे, आणि आवलीचा शब्द न् शब्द तिला पटतो आहे! संगीत नाटक म्हणजे जुन्या पदांची उजळणी, हा समज या नाटकाने मोडून काढला. इथे गाणे थांबले तर गोष्टच थांबेल.

पडद्यावर चाकोरी मोडण्याचा असाच धीर जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ने दाखवला. चंद्रपूरकडच्या गावातली सविता पुन्हा पुन्हा पाहुण्यांसमोर बसते. तेच पोहे, तेच प्रश्न, तीच उंचीची चौकशी. ही पुनरावृत्ती पाहताना आपला जीव गुदमरतो, आणि दिग्दर्शकाला तेच हवे आहे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहाव्यासाठी गावी आलेला आनंद आणि बाळ्या यांचे प्रेम हा सिनेमा कोणताही गाजावाजा न करता सांगतो. त्यातली आई आम्हाला फार मोलाची वाटते: मुलाला समजून घ्यायला तिला कुठल्याही भाषणाची गरज पडत नाही.

‘दशावतार’ या सिनेमात ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर थक्क करतात. मात्र कोकणातली देवराई आणि खाण यांचा गंभीर प्रश्न उत्तरार्धात सूडाच्या वाटेने गेला, याची खंत वाटते.

‘मराठीत चांगले काही होत नाही’ ही तक्रार त्यामुळे आम्हाला मान्य नाही. खरी अडचण अशी, की शांतपणे बोलणारा सिनेमा गैरसोयीच्या वेळेला एखाद्याच पडद्यावर लागतो आणि शेजाऱ्याने नाव सुचवेपर्यंत उतरतोही. नाटकात तर फोन वाजल्याने नटांवर प्रयोग थांबवायची वेळ येते. म्हणून वाचकांना विनंती: चांगल्या सिनेमाला पहिल्याच आठवड्यात जा, नाटकाला फोन बंद करून बसा, आणि बाहेर पडल्यावर नुसते ‘छान होते’ म्हणून थांबू नका. काय भिडले, काय खटकले, ते चार जणांना स्पष्ट सांगा.