शेत, गोदाम आणि एक चौकट

भिवंडीजवळचें आपलें वळ म्हणजे भातशेती कीं गोदामें? साधा कॅमेरा सोयीचें तेवढें एकच दाखवितो. दुसरें चौकटीबाहेर राहतें. म्हणून गांवाचें चित्र फिरत्या भिंगाच्या जुन्या कॅमेऱ्यानें घ्यावें, असें आमचें मत आहे. कोडॅकचा 'पॅनोरॅम' हा असा कॅमेरा १८९९ सालीं निघाला. पुढें आलेल्या जपानी 'वाइडलक्स'ला आजही मिळणारी ३५ मिलिमीटरची फिल्म चालते. फिल्म आंत कमानीसारखी वांकलेली असते. भिंग एका टोकाकडून दुसऱ्याकडे फिरतें व १४० अंशांचा देखावा एकाच चित्रांत उतरतो. मोबाईलही लांब चित्र देतो, परंतु तें तुकडे जोडून.

हें यंत्रही निर्दोष नाहीं. तें किंचित् पुढें कललें कीं क्षितिज वांकतें; नीट धरिलें तरी समोरच्या गोदामाची सरळ भिंत धनुष्याकृति दिसते. हा दोष जाणूनच चित्र पाहावें. तथापि शेत, रस्ता व गोदाम हीं परस्परांपासून तोडतां येत नाहींत, हें तें दाखवितें. शाळेनें दरवर्षीं एकाच जागेवरून असें एक चित्र घेऊन जतन करावें. काय गेलें व काय आलें, ह्याचा हिशेब पुढील मुलांस स्वतः मांडतां येईल.