मायनॉटची रेडिओ स्टेशने आणि रात्रपाळीचा माणूस



रेडिओ स्टेशनच्या मालकीशी आपला काय संबंध, असे काही जण विचारतील. आम्हीही तेच विचारले असते. पण मायनॉट गावची हकीगत आमच्या वाचनात आली, आणि तिची सुरुवात निघाली ती आपल्याच फिशप्लेटपासून!

मायनॉट हे अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातले, रेल्वेमुळे वसलेले गाव. वस्ती तेव्हा ३६ हजारांच्या आसपास. १८ जानेवारी २००२ च्या रात्री दीडनंतर कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ११२ डब्यांची मालगाडी गावाच्या वेशीवर घसरली. ३१ डबे रुळावरून उतरले, पाच टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा ढग वस्तीवर पसरला. एक रहिवासी दगावला, तीनशेहून अधिक जखमी झाले. सरकारी चौकशीने दोष ठेवला तो कंपनीच्या तपासणी-व्यवस्थेवर. जोडावरच्या फिशप्लेटांना गेलेले तडे वेळीच हेरले गेले नाहीत, त्या तुटल्या आणि मग रूळ तुटला. आपला की-मन हातोडा घेऊन रोज बीट का चालतो, याचे उत्तर यातच आहे.

आता रेडिओ. कडाक्याच्या थंडीत लोक दचकून उठले. काही भागांत वीज गेलेली. बाहेर पळावे की दारे-खिडक्या बंद करून बसावे? लोकांनी रेडिओ लावला, तर नेहमीची गाणी चालूच! गावात व्यापारी स्टेशने सहा. रॉक संगीताचे १०५.३ एफ.एम. त्यातलेच एक आणि संकटकाळी सूचना देण्यासाठी नेमलेले ९१० ए.एम. हेही त्यातलेच. सहाही स्टेशने टेक्सासमधल्या क्लिअर चॅनल या एकाच कंपनीची. पोलिसांनी फोन केले, पण स्टेशनवर कोणी सापडेना.

कंपनीचे म्हणणे असे की, पोलिसांनी इशाऱ्याचे यंत्र बरोबर चालवले असते तर सूचना आपोआप गेली असती आणि स्टेशनवर माणूसही होता. यंत्राचे म्हणणे खरे असेल. पण फोन उचलला गेला नाही, हे काही यंत्राचे काम नव्हे.

ही एकहाती मालकी आली कुठून? १९९६ पर्यंत अमेरिकेत एका मालकाला देशभरात २० ए.एम. आणि २० एफ.एम. एवढीच स्टेशने ठेवता येत. त्या फेब्रुवारीत अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ती मर्यादा गेली. पाच-सहा वर्षांत क्लिअर चॅनलकडे बाराशेच्या घरात स्टेशने जमली. मायनॉटची सहा २००० साली आली. मग काटकसर. निवेदक दुसऱ्याच शहरात बसून आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवणार, एकच माणूस अनेक स्टेशने सांभाळणार. रिक्त पदे न भरण्याचा खेळ आपल्याला काय नवा आहे? आर.एम.एस.च्या साथींना तर रात्रपाळी म्हणजे काय हे सांगायलाच नको.

पुढे २००८ मध्ये ही कंपनी दोन गुंतवणूकदार संस्थांनी प्रचंड कर्ज काढून विकत घेतली. २०१४ मध्ये तिचे नाव आयहार्टमीडिया झाले. मार्च २०१८ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलरच्या कर्जापायी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज मालकांनी काढले आणि जानेवारी २०२० मध्ये घरी बसवले ते गावोगावच्या निवेदकांना.

आपल्याकडे खासगी एफ.एम. २००१ पासून लिलावाने आले. लिलाव करा, पण परवान्यात एक अट घाला, एवढेच आमचे म्हणणे आहे: स्टेशन ज्या गावाचे, त्या गावात रात्रीही एक पगारी माणूस ड्युटीवर हवा, आणि त्याचा फोन नंबर पोलीस ठाण्यात आणि रेल्वे कंट्रोलमध्ये लावलेला हवा. आकाशवाणीच्या केंद्रांनाही तीच अट लागू करावी. येत्या बैठकीत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. की-मनच्या रिकाम्या जागांचा ठराव अर्थातच त्याच्या आधी येईल.