हौसेला हेल्मेट, पोटाला काय?

मैत्रिणींनो, आपल्या घरात लोखंड किती आहे, कधी मोजलंय? खिडक्यांच्या ग्रिल, सेफ्टी डोअर, बाल्कनीचा कठडा, गच्चीवरच्या टाकीखालचा स्टँड, अंगणातलं फाटक, कुंड्यांची घडवंची. यादी करायला बसलं तर एक पान पुरत नाही. यातली बहुतेक वस्तू ठिणग्या उडाल्याशिवाय तयार झालेली नाही, आणि त्या ठिणग्या कोणाच्या तरी डोळ्यांसमोर उडालेल्या आहेत. त्या डोळ्यांची आपण कधी चौकशी करतो का? बायकांच्या पुरवणीत आज हे लोखंड कुठून आलं, असं वाटेल. पण ग्रिलचं डिझाइन कोण ठरवतं, भाव कोण करतं आणि कारागिराला चहा कोण देतं? आपणच ना? म्हणजे हा विषय आपलाच झाला.

यंदा आमच्याकडे लोखंड आलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. पुतण्याकडे थार आहे. आमचं नाशिक तर थारचं माहेरच. ही गाडी इथल्याच कारखान्यात तयार होते. सुट्टी मिळाली की हा गाडी घेऊन दगडधोंड्यांच्या वाटेवर. त्याला गाडीसाठी 'रॉक रेल' हव्या होत्या आणि त्या विकत न आणता घरी बनवायच्या होत्या. माझी लेक मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. ती त्याची जोडीदार झाली. आमच्या सोसायटीच्या ग्रिल बनवणारे फॅब्रिकेटर दादा त्यांचे गुरुजी.

रॉक रेल म्हणजे काय, ते मलाही तेव्हाच कळलं. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, दाराखाली गाडीचा जो पत्रा असतो, तो खडकावर टेकला की चेपतो. मग दारसुद्धा नीट लागत नाही. तो वाचवायला गाडीच्या चासीला आधार घेऊन दोन्ही बाजूंनी जाड नळीचा आडवा बार बसवतात. पत्र्याऐवजी हा बार दगडावर टेकतो आणि गाडी त्याच्यावरून घसरत पुढे जाते. दिसायला पायरीसारखा. पण पायरीनं माणसाचं वजन पेललं की झालं. याला पावणेदोन टनांच्या गाडीचा भार झेलायचा असतो. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलसारख्या खडकाळ वाटांवर जीप नेणारे लोक असल्या रेल आपल्या घरच्या गॅरेजमध्ये बनवतात. ती हौस आता आपल्याकडेही आली आहे.

घरात पहिला आक्षेप आला तो सासूबाईंचा. "पोराचं ठीक आहे गं, पण पोरीच्या जातीला वेल्डिंग कशाला? तोंडावर ठिणगी उडाली म्हणजे?" त्यांची काळजी खोटी नव्हती. पण मी त्यांना एवढंच विचारलं, "आई, तुमच्या लहानपणी गावात घिसाडी यायचे, तेव्हा घण कोण मारायचं?" त्या हसल्याच. गावाबाहेर पाल पडलं की घिसाडी सांडशीत तापलेला फाळ धरून बसायचा आणि त्याची बायको उभी राहून घण घालायची, कधी पोर पाठीशी बांधून. लोखंड हे बायकांचं काम नाही, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे. घिसाडणीला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही.

काम तीन रविवार चाललं. मला वाटलं होतं, नळी कापायची, चिकटवायची, झालं. तसं काही नसतं हो. कपडा बेतावा तसं आधी बेतावं लागतं. गाडीखाली शिरून मापं घेतली. पेट्रोलची नळी, ब्रेकचा पाइप, वायरी कुठून जातात ते खडूनं आखलं. मुख्य बारासाठी पन्नास मिलिमीटरची चौकोनी नळी घेतली, तिच्या पत्र्याची जाडी चार मिलिमीटर. बाहेरच्या बाजूला गोल पाइप. खर्च वाचवायला घरातल्या एकानं सुचवलं, "माळ्यावर पाण्याचे जुने जीआय पाइप पडलेत, ते वापरा की!" दादांनी तिथल्या तिथे नको म्हणून सांगितलं. त्या पाइपावर जस्ताचा मुलामा असतो. तो जळाला की पांढरा धूर निघतो, आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. "दोन-चार वेळा भोगलंय ताई," म्हणाले.

जोडकामाचीही एक रीत आहे. आधी नुसते टाके मारायचे, शिवणात कच्चा धावदोरा घालतो तसे. मग सगळं जागेवर लावून बघायचं, दार उघडतंय का, जॅक लावायला जागा राहते का. ते जमलं की रेल खाली उतरवून जमिनीवर पक्कं वेल्डिंग. एका बाजूनं सलग ओढत गेलं तर उष्णतेनं लोखंड वाकतं, म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे. जागेवर टाके मारताना बॅटरीच्या वायरी सोडून ठेवलेल्या, शेजारी वाळूची बादली आणि आग विझवायचं नळकांडं. गल्लीतली पोरं बघायला जमतात, म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा. भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज आला की जोड नीट पडतोय, हे दादांनी शिकवलं. पुतण्याच्या आधी ते लेकीला जमलं, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शेवटी त्या रेलखालीच जॅक लावून गाडीची एक बाजू उचलली. एकही जोड हलला नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं तिकडे येते. पहिल्या रविवारच्या आधी दोघा मुलांसाठी हेल्मेट आली. ठिणगी पेटली की काच आपोआप काळी होणारी. चामड्याचे हातमोजे आले, एप्रन आला, धुराचे मास्क आले. घरच्या मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न, कोणी हात आखडता घेतला नाही. आणि ज्यांच्याकडून मुलं शिकणार ते दादा आले चपला घालून, साध्या शर्टात. टाका मारून दाखवताना त्यांनी मान वळवली, डोळे मिटले आणि रॉड टेकवला. लेक ओरडलीच, "दादा, आधी हे घाला!" आणि तिनं डोक्यावरचं हेल्मेट काढून दिलं. ते म्हणाले, "राहू दे बेटा, सवय आहे."

'सवय आहे' या दोन शब्दांवर आपण किती गोष्टी खपवून घेतो! दुखणं सोसायची सवय होते. डोळ्यांना सवय होत नसते. वेल्डिंगच्या प्रकाशात अतिनील किरण असतात. ते बुबुळाचा पडदा भाजतात, आणि ते लगेच कळतही नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. मग कोणी बटाट्याचे काप ठेवतं, कोणी दुधाच्या घड्या. अशा डोळ्यांना डॉक्टर हवा, स्वयंपाकघर नव्हे. धुराचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला, तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. यावर आपल्याकडे उपाय काय, तर काम झाल्यावर गुळाचा खडा आणि कपभर दूध. गूळ चांगला, दूधही चांगलं, पण ते मास्कची जागा कशी घेणार?

"ते लोक स्वतःच घालत नाहीत, त्याला आपण काय करणार?" हे वाक्य मी बचत गटाच्या बैठकीतही ऐकलंय आणि सुशिक्षित घरांतही. अर्धं खरं आहे. पण का घालत नाहीत, ते बघा. हातात धरायच्या काचेच्या ढालीनं एक हात अडकतो. दुसऱ्या हातात रॉडचा होल्डर. मग ग्रिलची पट्टी धरायची कशानं? शिडीवर उभं राहून तोल कशानं सावरायचा? डोक्यावर घालायच्या हेल्मेटनं हात मोकळे राहतात. आपोआप काळ्या होणाऱ्या काचेनं ते दर टाक्याला वरखालीही करावं लागत नाही. ते हजार-दोन हजारांत मिळतं. दादांना ते परवडत नाही का? परवडेलही. पण ग्रिलचा भाव ठरतो किलोवर नाहीतर चौरस फुटावर. त्या भावात आपण किलोमागे पाच रुपये कमी करून घेतो आणि शेजारणीला कौतुकानं सांगतो. त्या पाच रुपयांत कधी लोखंड कमी होतं, कधी मजुरी, आणि डोळ्यांची निगा सगळ्यात आधी.

माझं म्हणणं हौस करू नका असं मुळीच नाही. उलट, स्क्रीनवर बोटं फिरवणाऱ्या मुलांनी तीन रविवार हाताला काळं लावून घेतलं, याचा मला आनंदच आहे. स्वतः जोड मारल्यावर त्यांना कळलं की पाच फुटांच्या सरळ जोडामागे काय कसब आहे, आणि दुसऱ्या रविवारपासून त्यांच्या बोलण्यातला 'तो वेल्डिंगवाला' जाऊन 'आमचे दादा' आले. पण हौशीला कायदाही पाळावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या बंपरवर लावायच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना कळवलं, कारण ते पादचाऱ्याच्या जिवावर उठतात. म्हणून आमच्या रेल बोल्टवर बसवल्या आहेत आणि घरचा नियम असा, की त्या लावायच्या ओळखीच्यांच्या माळरानावर पोचल्यावर, आणि रस्त्याला लागण्याआधी काढायच्या. एकेक रेल वीसएक किलोची आहे. उचला म्हणावं!

आता आपण काय करायचं? घरात लोखंडी काम काढाल तेव्हा भाव विचारण्याआधी विचारा, "दादा, डोळ्यांना काय लावता?" हेल्मेट नसेल तर कामाच्या रकमेतच ते धरा, आणि ते त्यांच्याकडेच राहू द्या. सोसायटीचं काम असेल तर कंत्राटाच्या कागदावरच लिहून घ्या, हेल्मेट, हातमोजे, मास्क आणि पायात बूट. बंद खोलीत वेल्डिंग करायला लावू नका. अंगणात, गच्चीत, मोकळ्या हवेत होऊ द्या. पोरांना बघायला उभं करू नका. आणि इमारतीच्या कामावर जाणाऱ्या कारागिराला सांगा, की १८ ते ६० वर्षांच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. अनेकांना हे माहीतच नसतं. अर्ज भरून द्यायला आपल्यातली एखादी कॉलेजकन्या पुरेशी आहे.

आणखी एक. वस्तीतल्या मुलींशी बोलताना 'पुढे काय' विचारलं की उत्तरं ठरलेली, शिवण नाहीतर पार्लर. दोन्ही चांगलीच कामं आहेत, पण गल्लीत सहावं पार्लर निघालं तर गिऱ्हाईक कुठून येणार? आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा असतो आणि मुलींना तिथे मज्जाव नाही. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा अमेरिकेत रिचमंडच्या गोदीत हजारो बायकांनी जहाजं जोडली. त्यांतल्या कितीतरी जणींनी त्याआधी वेल्डिंगचा रॉड हातात धरला नव्हता. हे काम ताकदीपेक्षा स्थिर हाताचं आणि बारीक नजरेचं आहे, आणि या दोन गोष्टी वर्षानुवर्षं सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नकोत. अट एकच, ती नजर शाबूत राहिली पाहिजे.

दादा आता हेल्मेट वापरतात. लेकीनं आग्रहानं तिचंच त्यांना दिलं. एका हेल्मेटनं काही क्रांती होत नाही, मला कळतं. पण आपल्या गल्लीत, आपल्या सोसायटीत असे किती दादा आहेत, ते आपल्याला माहीत असतं. आपल्या मुलांच्या छंदाला जी काळजी लागते, तीच दुसऱ्याच्या रोजगारालाही लागते. दोघांचे डोळे सारखेच नाजूक. हिशेबाच्या वहीत ग्रिलच्या खर्चाखाली एक ओळ वाढवायची आहे, एवढंच.