‘बाहेरचं’ म्हणून गेलेलं वर्ष डॉक्टरांना कोण सांगणार?

पुणे : पोरगं रात्र-रात्र झोपत नाही. एकटंच बोलतं, मधेच हसतं. शेजारी जेवणात काहीतरी कालवतात म्हणून ताटाला हात लावत नाही. घरच्यांचा पहिला अंदाज ठरलेला, ‘बाहेरचं झालंय’. मग देवऋषी, मग उतारा, मग ‘लग्न करून द्या, येईल ताळ्यावर’. भूत उतरवायला साखळीनं बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण मारहाण झाली नाही तरी वर्ष हातचं जातंच.

येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९१५ पासूनचं. तिथं जा नाहीतर ससूनला, डॉक्टर विचारणारच : त्रास कधीपासून? प्रश्न साधा वाटतो, पण निदान बरंचसं त्यावरच उभं असतं. स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅनही नाही. थायरॉईड, मेंदूचा स्कॅन वगैरे सांगतात ते दुसरी कारणं वगळायला. फिट, डोक्याला मार, दारू-गांजा यांनीही असेच भास होऊ शकतात. बाकी सगळं रुग्णाशी बोलून आणि घरच्यांनी पाहिलेल्यावरून ठरतं.

इथं मुदतीला महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार स्किझोफ्रेनिया म्हणायला लक्षणं किमान एक महिना टिकलेली लागतात. अमेरिकेच्या निकषात एकूण सहा महिने. नुसताच घट्ट संशय असेल, तर तीन महिने पाहतात. चार दिवसांत येऊन जाणारा झटका वेगळा आणि वर्षभर मुरलेला आजार वेगळा. औषध किती काळ द्यायचं तेही त्यावर ठरतं.

आणि नेमकी हीच तारीख घरचे लपवतात. सोयरीक मोडेल, गावात नाव होईल, म्हणून ‘आत्ता आठच दिवस झाले’ सांगून मोकळे होतात. काही वेळा लपवत नाहीत, लक्षातच आलेलं नसतं. आजाराची सुरुवात कित्येकदा गुपचूप होते. पोरगी कॉलेजला जायची थांबते, अंघोळ टाळते, मैत्रिणींचे फोन उचलत नाही. घरात त्याला आळस म्हणतात.

म्हणून दवाखान्यात जाण्याआधी मोबाईलमध्ये लिहून ठेवा : झोप कधी बिघडली, काम कधी सुटलं, आवाज ऐकू येतात असं पहिल्यांदा कधी म्हणाला. आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्याही सोबत न्या. जायचं कुठं हेच कळत नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.