चांदीबाईंचं डाएट

मांजर पाळणाऱ्यांच्या दोन जमाती असतात. पहिलीचं मांजर समोर येईल ते खातं. ही माणसं मांजराबद्दल फारसं बोलत नाहीत, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. दुसरी जमात मात्र कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, मीटिंग सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत एकच विषय चघळत असते. ‘अरे, कालपासून काहीच खाल्लं नाही रे तिनं!’ नुकतंच पिल्लू घरी आणलं असेल, तर आपण कुठल्या जमातीत आहोत ते दोन दिवसांत कळतं.

माझी एक मैत्रीण थेट दुसऱ्या जमातीत दाखल झाली. पक्की पुणेकर, बँकेत ऑफिसर आणि पोस्टिंग चांदवडला. नाशिकहून साठ-पासष्ट किलोमीटर, मुंबई-आग्रा हायवेवर. वीकएंडला काय करायचं, तर घाटातलं रेणुकामातेचं देऊळ, अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आणि पुढच्या वीकएंडला पुन्हा रेणुकामातेचं देऊळ. मॉल, मल्टिप्लेक्स वगैरे सगळं नाशिकला. बँकेतून सुटल्यावर रिकाम्या खोलीत शिरायचं आणि मोबाइल बघत जेवायचं, याचा कंटाळा येऊन तिनं मांजर पाळायचं ठरवलं. ब्रँचमधल्या एका सहकाऱ्याच्या शेतावर कांद्याची चाळ आहे. शेजारी मक्याचा ढीग, म्हणजे उंदीर आलेच, आणि उंदीर म्हणजे मांजरंही आलीच. तिथली चार-पाच महिन्यांची पांढरी पाटी खोक्यात घालून आणली. नाव ठेवलं चांदी.

पहिल्या रात्री दूध-पोळी कुस्करून ठेवली. चांदीनं वास घेतला, पुढचा पंजा झटकला आणि पलंगाखाली निघून गेली. दुसऱ्या दिवशी दूध-भात, मग दही-भात, मग पनीर. पनीरचे दोन तुकडे चाटून सोडून दिले. संध्याकाळी मला फोन. ‘काय नखरे आहेत बघ! शेतात काय पंचपक्वान्नं मिळत होती हिला?’

होय, मिळत होती. उंदीर!

मांजराला आपण ‘नखरेल’ म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा ते बिचारं बरोबरच असतं. कुत्रा आपल्यासोबत वरण-भात खाऊन निभावून नेतो. मांजराचं तसं नाही. ते शंभर टक्के मांसाहारी, इलाजच नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो मांस-मासळीतूनच मिळतो, आणि नाही मिळाला तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. हे साधं पथ्य कळायलासुद्धा जगाला वेळ लागला. 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, तयार खाणं खाणाऱ्या मांजरांनाही टॉरिन कमी पडून हृदयविकार होतो. त्यानंतर कंपन्यांनी पाकिटांमधलं प्रमाण वाढवलं.

आणि गोडाचं तर विचारूच नका. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये शोधून काढलं, की मांजराचं गोड चव ओळखणारं एक जनुकच बंद पडलेलं आहे. तुमचं मांजर श्रीखंडाच्या वाटीत तोंड घालतं ते गोडीसाठी नाही, त्यातल्या स्निग्धासाठी. दुधाचंही तसंच. आवडतं, पण आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना ते पचवणं जड जातं आणि मग दुसऱ्या दिवशी फरशी पुसण्याचा कार्यक्रम. चित्रातल्या मांजरापुढे दुधाची बशी दिसते म्हणून खऱ्यापुढेही ठेवायलाच पाहिजे असं नाही.

आता चांदवडची खरी गोची. मैत्रिणीच्या घरमालकीणबाई, म्हणजे काकू, खालच्या मजल्यावर राहतात. कट्टर शाकाहारी. खोली देतानाच सांगितलेलं, ‘घरात अंडंसुद्धा नको हं!’ मांजर आणलं तेव्हा त्या खूश होत्या, कारण मांजर दूध पितं ही त्यांची समजूत. म्हणजे चांदीला जगवायचं तर चिकन हवं, आणि चिकन आणलं तर खोली जाणार. मैत्रिणीनं आधी गुपचूप सुकटीची पुडी आणली. सुकटीचा वास गुपचूप राहत नाही, हे ज्यांच्या घरी सुकट भाजली जाते त्यांना सांगायला नको. झाकण उघडताच जिन्यातून आवाज, ‘अगं, कसला वास येतोय गं?’ पुडी पिशवीत, पिशवी बॅगेत आणि बॅग सकाळी बँकेत!

तोवर दीड दिवस झाला होता. इथे मात्र थट्टा बाजूला. ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हा आपल्या आज्ज्यांचा फॉर्म्युला मुलांवर चालतो, मांजरावर नाही. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती आवरत नाही आणि ते निकामी व्हायला लागतं. जाड मांजरांना हा धोका जास्त, आणि लहान पिल्लं तर उपासानं फार लवकर ढासळतात. म्हणून हिशेब सोपा ठेवा. मोठ्या मांजरानं एक अख्खा दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, दोन दिवसांची वाट बघायची नाही. पिल्लू असेल तर त्याच्याही आधी.

तिनं फोन नाही केला, उचलून नेलं. तालुक्याच्या गावातले जनावरांचे डॉक्टर, बाहेर गाई-शेळ्यांची रांग, आणि ही ओढणीत मांजर घेऊन उभी. त्यांनी तोंड उघडून हिरड्या बघितल्या, नाक बघितलं. नाक चोंदलं असेल तर मांजर खात नाही, कारण त्याची निम्मी चव वासात असते. तोंडात फोड असेल तरी खात नाही. चांदीला यातलं काही नव्हतं. जागा नवी, माणूस नवं, म्हणून बिचकलेली. मग त्यांनी मैत्रिणीला विचारलं, ‘हिची आई काय खायची?’ पिल्लू आईकडून जे खायला शिकतं त्यालाच ते अन्न मानतं, बाकी सगळं संशयास्पद. चांदीच्या लेखी अन्न म्हणजे गरम, ओलं आणि मांसाचं. उंदीर काही फ्रिजमधून निघत नाही!

उपाय असे साधे. उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, बारीक तोडून, बोटाला कोमट लागेल इतपत गरम. पसरट ताटली. पाण्याची वाटी त्यापासून लांब आणि शू-शीचा ट्रे त्याहून लांब. (तुम्ही तरी टॉयलेटशेजारी जेवाल का?) एकदम वाडगाभर ठेवायचं नाही. मांजर दिवसातून दहा-बारा वेळा थोडं थोडं खाणारा प्राणी. म्हणून चमचा-दोन चमचे ठेवायचं, वीस मिनिटांनी उचलायचं, आणि ताटलीशेजारी बसून ‘खा ना गं राणी’ अजिबात करायचं नाही. नुसतं चिकनही कायमचं चालत नाही, त्यात कॅल्शियम कमी पडतं. म्हणून त्यात मांजरांसाठीचं तयार खाणं रोज थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करायचा. ते कुरिअरनं चांदवडलाही येतं.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली, आणि ती कांद्याच्या गावात सांगितली म्हणून मला भारी वाटली. मांजराला कांदा घालू नका. कच्चा नको, शिजवलेला नको, रश्श्यातला नको आणि सुकवलेल्याची पावडर तर मुळीच नको. लसूणही त्यातलाच. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. किलोमागे पाच ग्रॅम कांदासुद्धा त्याच्या रक्तावर परिणाम करतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम. आपल्या मिसळीवर भुरभुरतो तेवढाच! त्यामुळे ‘आपल्या ताटातला रस्सा जरा पोळीला लावून देऊ’ हे बंद. आणि कणकण वाटली म्हणून आपली पॅरासिटामॉल देणं त्याहून बंद. तिचा छोटासा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो.

राहिल्या काकू. मैत्रिणीपुढे दोन रस्ते होते. तयार खाण्याचे दाणे बिस्किटांसारखे दिसतात, त्यात काय आहे ते न सांगता निभलं असतं. आम्ही दोघी-तिघींनी तिला हाच सल्ला दिला. तिनं ऐकलं नाही. ती चांदीला उचलून खाली गेली आणि सरळ सांगितलं, ‘काकू, ही मांस खाल्ल्याशिवाय जगणार नाही. तुम्हाला चालत नसेल तर मी दुसरी खोली बघते, पण लपवून करणार नाही.’

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘माझ्या स्वयंपाकघराच्या वर नको. मागच्या गच्चीत दे. भांडं वेगळं, नळ वेगळा. आणि शिजवायचं नाही हं इथे.’ शिजवण्याची सोय मग सहकाऱ्याच्या घरी झाली. त्याची बायको रोज डबाभर चिकन उकडून त्याच्याबरोबर बँकेत पाठवायची. पहिल्या दिवशी चांदीनं गच्चीच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून दोन चमचे खाल्लं. चौथ्या दिवशी ताटली चाटूनपुसून साफ. दहाव्या दिवशी डबा बंद, नुसते दाणे. ते आधी कोमट पाण्यात भिजवून, मग हळूहळू कोरडे. आता काकू जिन्यातून विचारतात, ‘जेवली का गं ती?’ काय जेवली ते विचारत नाहीत.

परवा बदलीची ऑर्डर आली. मे महिन्यात नाशिक. चांदी सोबत जाणार, म्हणून मैत्रिणीनं आत्तापासून यादी केलीय. तीच ताटली, तीच चादर न धुता, त्याच खाण्याची पंधरा दिवसांची पाकिटं, आणि नव्या घरात पहिले काही दिवस एकच खोली उघडी. प्रवासाची बास्केट महिनाभर आधीच गच्चीत ठेवलीय, म्हणजे ऐनवेळी ती चांदीला परकी वाटणार नाही. सध्या दुपारचं जेवण तिच्याच आत वाढलं जातं. काकूंनी आत अंथरायला जुनं लुगडं दिलंय.