कंटेनर क्लीनर साइडने मागे घेऊ नका

द्राक्षाचा हंगाम आला की आपण मण्याच्या फुगवणीचे बोलतो, औषधांच्या उर्वरित अंशाचे बोलतो, भावाचे तर रोजच बोलतो. पण चाळीस फुटी कंटेनर पॅकहाऊसच्या ओट्याला मागून लागतो कसा, याचा विचार ज्याचे पॅकहाऊस आहे तोही फारसा करीत नाही. ड्रायव्हर बघून घेईल, असे म्हणून आपण मोकळे होतो.

१९९१ मध्ये महाग्रेप्स स्थापन झाली आणि आपल्या द्राक्षाला युरोपची वाट मोठ्या प्रमाणावर खुली झाली. आता निफाड, दिंडोरीकडे शिवारात आत-आत पॅकहाऊस उभी आहेत. यंत्रे आली, शीतगृहे आली. रस्ता मात्र बैलगाडीचाच राहिला. त्या रस्त्यावरून घोडा आणि ट्रेलर मिळून पन्नास फुटांच्या वर लांबीची गाडी रात्री येते आणि बागेच्या तारा व शेडची भिंत यांच्यामधून मागे घ्यावी लागते. मागे माणसे उभी असतात. ट्रेलर आणि ओटा यांच्यात सापडलेला माणूस वाचत नाही, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

ट्रॉली मागे घेण्याची सवय तुम्हाला आहेच. स्टेअरिंग उजवीकडे फिरवले की ट्रॉलीची शेपटी डावीकडे जाते. ट्रेलरचेही तेच, फक्त तो उशिरा वळायला लागतो आणि एकदा वळला की आवरायला जागा लागते. (कारखान्याच्या दोन ट्रॉल्या कोणी मागे घेत नाही, तो शहाणपणाच आहे.)

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणून ट्रेलरची शेपटी उजवीकडे वळत आत जात असेल, तर त्याला खिडकीतून मान काढून मागचा कोपरा, चाक आणि ओटा सगळे दिसते. तीच शेपटी डावीकडे, म्हणजे क्लीनर साइडला वळवायची असेल, तर गाडी मोडल्यावर डाव्या आरशात कंटेनरचा पत्रा तेवढा दिसतो. मागचा कोपरा कुठे गेला ते कळत नाही. उजव्या आरशात तर नुसते मोकळे रान. अशा वेळी ड्रायव्हर कितीही जुना असो, तो अंदाजाने चाललेला असतो.

यावर उपाय साधा आहे. फाटक डाव्या हाताला पडत असेल तर गाडी पुढे न्या, चौफुलीवर किंवा मोकळ्या जागेत वळवा आणि फाटक उजव्या हाताला येईल अशी परत आणा. एक-दोन किलोमीटरचे डिझेल जाईल, जाऊ द्या. मग फाटकाच्या पुढे जाऊन घोड्याचे तोंड डावीकडे काढायचे आणि शेपटी उजवीकडे सोडायची. वळायला लागली की स्टेअरिंग उलट फिरवून तिच्या मागे जायचे. कोन बिघडला तर पुढे घ्या, पुन्हा लावा. चार वेळा पुढे-मागे केले म्हणून ड्रायव्हरला हसणारी माणसे आपल्याकडे फार. त्यांना आधी तिथून घालवा.

आता इशारा देणाऱ्याचे. पाच जण पाच बाजूंनी 'येऊ दे, येऊ दे' ओरडतात, ते बंद झाले पाहिजे. शीतकंटेनरचा जनरेटर चालू असला की केबिनमध्ये कोणाचेच ऐकू येत नाही. इशारा एकानेच द्यावा, हातात बॅटरी घेऊन, ड्रायव्हरच्या बाजूला, त्याच्या आरशात दिसेल असे उभे राहून. कधीही मागच्या सरळ रेषेत नाही. तो आरशातून दिसेनासा झाला की ड्रायव्हरने गाडी जागीच थांबवायची, असे दोघांत आधी ठरवून घ्या. मोबाईल दोघांच्याही खिशात.

सगळ्यात वाईट वेळ दरवाजे उघडण्याची. ओट्याला टेकण्याआधी कंटेनरची दारे उघडून बाजूला अडकवावी लागतात आणि त्यासाठी कोणीतरी मागे जातोच. त्या वेळी गाडी न्यूट्रल करून नुसत्या ब्रेकवर पाय ठेवून चालणार नाही. हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचे, किल्ली मागे जाणाऱ्याच्या हातात द्यायची. तो परत पुढे आला की मगच उरलेले चार फूट. गाडी लागल्यावर चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावा, कारण पॅलेट आत-बाहेर करताना गाडी हळूहळू ओट्यापासून सरकते आणि फटीत पाय जातो. ओट्याच्या कडेला जुने टायर ठोका, धक्का कमी बसेल.

माल प्रीकूलिंगमधून निघाला की घाई होते, हे मान्य. पण कंटेनर नीट लागेपर्यंत माल शीतगृहातच ठेवता येतो. बाहेर काढून ठेवून मग ड्रायव्हरला 'लवकर घे' म्हणणे चालणार नाही.

नवे शेड बांधणाऱ्यांनी ओट्यासमोर किमान सव्वाशे फूट मोकळी जागा सोडावी. कंटेनर ट्रेलरवर असताना चौदा फुटांच्या आसपास उंच होतो, तेव्हा फाटकाची कमान आणि वरची वीजवाहिनी आजच मोजून घ्या. तार खाली आलेली असेल तर महावितरणला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही सांगायचे आहे. २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजना आली. असे रस्ते करताना सगळे रुंदीवरून भांडतात, कोपऱ्याकडे कोणी बघत नाही. वळणावर ट्रेलरची मागची चाके आतल्या बाजूने कापून जातात, म्हणून कोपऱ्याला मुरूम टाकून जागा वाढवून घ्या. तिथे पाइपलाइन आडवी गेली असेल तर ती खोल गाडायला लावा. द्राक्षाचे कंटेनर जानेवारीत धावू लागतात, तेव्हा ही कामे दिवाळीनंतर लगेच उरकावीत.